टकटककाकू आणि ताईच्या हातातला टॉर्च

टकटककाकूंबद्दल अशी बोलवा आहे, की त्यांनी ज्या घराला हात लावला ते घर विकलं जात नाही. आमचा इस्त्रीवाला सांगतो, की त्यांनी एकदा एका दिवाणखान्याच्या भिंतीवर नुसतं टकटक केलं आणि घरमालक जागच्या जागी आडवा झाला, त्याला कांदा हुंगवावा लागला. ज्या एजंटने माझ्या ताईला घर दाखवलं तो तर मान तिरकी करून, घशात लोणी ठेवल्यासारखा म्हणाला होता, "मॅडम, बाकी कुणालाही आणा, त्या बाई नकोत. जमलेलं लग्न मोडायला निदान एखादी आत्या लागते. जमलेला सौदा मोडायला त्या एकट्या पुरतात."

ही नक्कल मी घरात इतक्यांदा केली, की शेवटी आईने विचारलं, एजंटचंही ताट मांडू का.

खरी गोष्ट वेगळी आहे. आडवा झाला तो घरमालक नव्हे, हा एजंटच. तोही टकटकीमुळे नाही. "गच्ची कशी कोरडी ठणठणीत आहे" हे सांगता सांगता तो त्याच गच्चीतल्या शेवाळावरून घसरला. कांदाबिंदा काही नव्हता. बर्फ होता, आणि तो लावायची जागा सांगण्यासारखी नव्हती. आणि काकूंनी तपासलेली घरं विकली जातात, चांगली धडाधड विकली जातात. फक्त घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते किल्ली हातात पडायच्या आधी कळतं. हे काही लोकांना खपत नाही. त्यात घेणारे फार कमी असतात.

काकूंचं काम म्हणजे घर तपासणं. कुणी घर घ्यायला निघालं, की त्या आधी जाऊन ते घर खालून वर, आतून बाहेर बघतात. बांधा बुटका, आवाज लाऊडस्पीकरसारखा, सलवारीवरून काळे गुडघापट्टे बांधलेले. खांद्याच्या पिशवीत भिंतीची ओल दाखवणारं दोन दातांचं यंत्र, सॉकेट तपासायचा तीन दिव्यांचा प्लग, एक काचेची गोटी आणि मोडक्या छत्रीची लाकडी मूठ. या मुठीने त्या लाद्या वाजवतात, त्यावरून नाव पडलं. भिंतीपाशी गेल्या की दोनदा छोटा आणि एकदा लांब श्वास घेतात, हुंगल्यासारखा. मग म्हणतात, "काही नाही." थोडं थांबून, "पण आहे."

हे "काही नाही, पण आहे" मला ताईच्या पहिल्याच फोनवर सापडलं (काकू तेव्हा कुठल्याशा भिंतीपाशी वाकत होत्या, गुडघासुद्धा कटकन ऐकू आला) आणि माझा दिवस सोन्याचा झाला. मला आवाज दिसतात, म्हणजे लोकांना जशी माणसं लक्षात राहतात तसे मला त्यांचे खोकले लक्षात राहतात. काकूंमध्ये तर माल ठासून भरला होता.

पण आधी ताईचं सांगायला हवं, कारण घर तिचं होतं. म्हणजे व्हायचं होतं.

ताई आणि भाऊजी भाड्याच्या घरात राहायचे, आणि तिथला मालक आता स्वतः राहायला येणार होता. दोघांनी आपलं पहिलं घर शोधायला घेतलं. दोन घरं आवडली आणि दोन्ही हातची गेली, कारण ताई विचारते. चप्पल घ्यायची तरी ती दुकानदाराला विचारते, मला विचारते, शेजारी बूट घालून बघणाऱ्या अनोळखी बाईंना विचारते, आणि शेवटी सगळ्यांच्या पसंतीची, एक नंबर लहान चप्पल घेऊन घरी येते. पहिल्या घराच्या वेळी ती आई, बाबा, ऑफिसातली मैत्रीण, भाऊजींचा मामा एवढ्यांना विचारून परत आली, तोवर त्या दारावर दुसऱ्याची पाटी लागली होती. दुसऱ्या घराचंही तेच. आता हे तिसरं. दुसरा मजला, जुनी इमारत, आणि हॉलमध्ये एक खोल खिडकी. तिच्या कट्ट्यावर पाय घेऊन बसता येईल एवढी. ताईने घरात पाऊल टाकलं, खिडकी पाहिली आणि बाकीचं घर तिला दिसेनासंच झालं. घरमालक आजोबा मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं, की दुसऱ्या दिवशी आणखी एक कुटुंब येणार आहे, तेव्हा आज तपासणी झाली की जाण्याआधी हो की नाही ते कळवा.

काकूंनी फोनवरच ताईला कामाला लावलं होतं. "घरात पाणी आणि वीज चालू ठेवायला सांगा. बंद नळ काय बोलणार. माळ्याची, मीटरच्या खोलीची, सगळी कुलपं उघडलेली पाहिजेत. सिंकखालचं कपाट रिकामं. तुम्ही दोघांनी यायचं, सकाळभर थांबायचं. नुसता रिपोर्ट पाठवा म्हणणाऱ्यांचं काम मी घेत नाही. आणि जुने कपडे घाला."

"बरं," ताई म्हणाली. "काकू, पण तुम्हाला काय वाटतं, घ्यावं का?"

"अगं, अजून मी घर पाहिलं नाही."

"नाही, तरी पण."

तिकडून एवढं मोठं हसू आलं की ताईने फोन कानापासून लांब धरला.

ठरल्या दिवशी मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी बोलावण्याची वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. भाऊजी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. जिना चढताना मी त्यांना काकू करून दाखवत होते. वाकून, गुडघा कटकन वाजवून, दोन छोटे श्वास, एक लांब. "काही नाही. पण आहे."

भाऊजी हसता हसता एकदम गप्प झाले. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

"नाक बरोबर जमलंय," मागून आवाज आला. "गुडघा चुकला. डावा वाजतो माझा."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. काकू एक पायरी खाली उभ्या होत्या, तोंडात खारे दाणे. त्यांनी मूठभर मलाही दिले, म्हणजे राग नव्हता. ताई आणि भाऊजी पुढे गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, खालच्या मजल्याला ऐकू जाईल इतकंच. "तुझी ताई आज निघायच्या आत स्वतः ठरवेल. हो तर हो, नाही तर नाही. मला न विचारता."

"ताई?" मी म्हटलं. "काकू, ती शिंक आली तरी विचारते, शिंकू का."

"पैज?"

"पैज."

मी जिंकले तर छत्रीची मूठ माझी. त्या जिंकल्या तर मी एक अख्खा दिवस फक्त स्वतःच्या आवाजात बोलायचं. कुणाचीही नक्कल नाही, चुकून एखादा शब्दसुद्धा दुसऱ्याच्या चालीत नाही. मी लगेच हात मिळवला. मुठीला घरी कुठे ठेवायचं तेही मनात ठरवून टाकलं.

दारात काकूंनी पहिलं काम केलं ते हे, की पिशवीतून टॉर्च काढला आणि ताईच्या हातात दिला.

"हा तू धरायचा. शेवटपर्यंत. मी म्हणेन तिथे मारायचा, आणि मी बोलायच्या आधी तू सांगायचं काय दिसलं."

"मला काय कळतंय त्यातलं?" ताई म्हणाली.

"डोळे आहेत ना? बास. आता ऐका दोघांनी. मी भिंत फोडणार नाही, लादी उचलणार नाही. आजोबांचं सामान त्यांच्या परवानगीशिवाय हलवणार नाही. दिसतं, वाजतं, भिजतं, तेवढं मी सांगणार. भिंतीच्या पोटातलं मला दिसत नाही आणि दिसतं असं सांगणारा भेटला तर त्याला वाटेला लावा. मी घराला पास-नापास करत नाही. आणि यादी लांब होणार आहे. कालच्या काल बांधलेल्या घराचीसुद्धा होते. लांबी बघून रडायचं नाही."

ताई हॉलमध्ये गेली, टॉर्च वर केला आणि तिला छतावर तपकिरी डाग दिसला. चांगला परातीएवढा.

"झालं," ताई म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. "काकू, नको ना मग हे घर?"

मी काकूंकडे विजयाने पाहिलं. त्यांनी बोट हलवलं. निघतानाचं धरायचं, मधलं नाही.

"काय दिसलं ते सांग."

"डाग."

"कसला? कडा कशा आहेत? रंग सुटलाय का, पोपडे आलेत का?"

ताई स्टुलावर चढली. "कडा गडद आहेत. पोपडे नाहीत. हाताला... कोरडं लागतंय."

काकूंनी स्टुलावर चढून दोन दातांचं यंत्र डागावर टेकवलं. ते गप्प राहिलं. आजोबा म्हणाले, वरच्यांचा पाइप फुटला होता, त्याला बरीच वर्षं झाली. काकूंनी मान डोलावली आणि सरळ वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवून वरच्यांना विचारून आल्या. "पाइप बदललेला आहे, मी बघितला. हा डाग म्हणजे जुन्या भांडणाची आठवण. रंगाचा एक हात मारला की संपलं. काही नाही."

आम्ही वाट बघितली. "पण आहे" आलंच नाही. ताईने सुस्कारा टाकला.

तिथून पुढे मोरी, संडास, स्वयंपाकघर. काकू सिंकखालच्या कपाटात शिरल्या आणि फक्त पाय बाहेर राहिले. आतून पाइपाशी बोलणं ऐकू येत होतं, "काय रे, का रडतोस? वायसर गेला होय तुझा? बरं, बरं." मोरीत त्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि गोटी सोडली. गोटी जाळीकडे जायला हवी. ती निघाली, मध्येच विचार बदलला आणि दाराशी येऊन थांबली.

"काय दिसलं?" काकू.

"उतार उलटा आहे," ताई म्हणाली. "पाणी दाराशी साचेल." मग काकूंनी विचारायच्या आत तिने स्वतःच वाकून चौकटीखाली टॉर्च मारला. "आणि चौकट खाली फुगलीय."

भाऊजींनी मान पुढे केली, त्यांचा पांढरा शर्ट ओल्या भिंतीला लागला आणि पाठीवर एक नकाशा उमटला. त्यांना दिवसभर कुणी सांगितलं नाही.

याच सुमारास आम्हाला आजोबांची खरी ओळख पटली. आजोबा हौशी होते. घरात कुठलंही काम निघालं तरी त्यांनी आयुष्यात कुणा कारागिराला बोलावलं नव्हतं. नळ उलटा उघडायचा. पंख्याचं बटण दाबलं की बाथरूमचा दिवा लागायचा, आणि बाथरूमचं दाबलं की काहीच नाही, फक्त लांब कुठेतरी काहीतरी थांबायचं.

"आजोबा, या नळाला उलटं कुणी शिकवलं?" काकूंनी विचारलं.

"मी स्वतः बसवलाय," आजोबा छाती काढून म्हणाले. "तेव्हापासून एकदा गळला नाही."

"गळणार कसा? त्याला उघडायचा कुठून हेच कळत नसेल."

"तुम्ही हसा. पण प्लंबरला घरात घेतलं की तो एक नीट करतो आणि दोन बिघडवून जातो."

"आणि तुम्ही?"

आजोबांनी विचार केला. "मी तीनही बिघडवतो, पण निदान पैसे घरातच राहतात."

काकू इतक्या हसल्या की त्यांना दाण्यांचा ठसका लागला. मग खिडकीची पाळी आली. ताईची खिडकी. काकूंनी पाण्याचा मग भरून घेतला आणि बाहेरच्या बाजूने पाणी ओतलं. पाणी खालच्या पट्टीत साचलं, काठोकाठ आलं आणि कट्ट्यावरून आत, ताई जिथे पाय घेऊन बसणार होती नेमकं तिथे.

ताई त्या पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता विचारते. आता नक्की विचारते. तिचे ओठसुद्धा हलले.

पण हातात टॉर्च होता ना. तो पेटलेलाच होता. ती वाकली, पट्टीच्या कडेने टॉर्च फिरवला आणि म्हणाली, "काकू, इथे भोकं होती. पाणी बाहेर जायची. बुजवलीत कुणीतरी. सिमेंटने."

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं.

"मुंग्या येत होत्या," आजोबा म्हणाले.

"मग पाऊस आत यायला लागला, तेव्हा?"

"तेव्हा मुंग्या बंद झाल्या होत्या."

"खिळ्याने टोकरलं की भोकं मोकळी होतील," ताई काकूंना म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. काकू माझ्याकडे बघून दाणे चावत राहिल्या. मी दुसरीकडे बघितलं.

मला मात्र एक आवाज सकाळपासून छळत होता. बाथरूमचं बटण दाबल्यावर लांब कुठेतरी काहीतरी थांबतं असं मी म्हटलं ना, ते. मी तो सवयीने तोंडात घोळवत होते, दातांत जीभ धरून, एखादी चिडकी माशी बाटलीत अडकावी तसा.

काकूंचं चावणं थांबलं. "परत कर."

मी केला.

"कुठे ऐकलास हा?"

"आतल्या खोलीत, पुस्तकांच्या फळ्यांमागे. बाल्कनीच्या भिंतीवर."

आम्ही तिकडे वळलो तोच आजोबा चटकन फळ्यांपाशी जाऊन उभे राहिले, पाठ टेकवून. "यामागे काही नाही. जड आहेत या. कधीच्या हललेल्या नाहीत."

"मी सामानाला हात लावत नाही, म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "मालक नाही म्हणाले तर मी एवढंच लिहीन, की इथलं बघता आलं नाही. पुढचं तुमचं तुम्ही."

भाऊजी म्हणाले, "राहू द्या ना, म्हातारे आहेत."

ताई पुढे झाली. आजोबांच्या समोर उभी राहिली आणि जमिनीकडे न बघता म्हणाली, "आजोबा, मी या घरात झोपणार आहे. मागे काय आहे ते बघितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. सरकवू या. तुम्ही फक्त पुस्तकं धरा."

आता हे वाक्य मी ताईच्या तोंडून आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. त्यात एकही प्रश्न नव्हता. मी शोधला, शब्द बाजूला करून शोधला, नव्हताच.

आजोबा बाजूला झाले. फळ्या सरकल्या. मागे भिंतीच्या एका भोकातून एक वायर बाल्कनीकडे गेली होती, आणि तिला ठिकठिकाणी चिकटपट्टीच्या गाठी मारलेल्या होत्या. शेवटच्या गाठीपाशी भिंत काळी पडली होती आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता.

काकूंनी श्वास घेतला. दोन छोटे, एक लांब. सगळे थांबले.

"आहे," त्या म्हणाल्या.

एवढंच. पुढचं मागचं काही नाही. त्या उठल्या, दाराशी जाऊन मेन स्विच खाली पाडला आणि परत आल्या.

"रेडिओसाठी ओढली होती," आजोबा बारीक आवाजात म्हणाले. "मग तिच्यावर पंखा जोडला. मग आमच्या हिची इस्त्री. नंतर भिंत काळी झाली, तेव्हा म्हटलं, पुस्तकं इथेच ठेवू." ते खुर्चीत बसले. "मला कळलं होतं हो. पण इलेक्ट्रिशियनला बोलावलं असतं, तर त्याने विचारलं असतं, हे कुणी केलं."

हे ऐकून काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आजोबा, मी सांगू का माझं पहिलं घर मी कसं घेतलं? तेव्हा मी बांधकामावर इंजिनिअर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्याने तपासायचे. आणि माझ्यासाठी घर बघायला गेले, तर तिथे गोल वळणाचा जिना होता, गुळगुळीत कठड्याचा. मी त्या कठड्यावरून हात फिरवला आणि हो म्हणाले. मोरीत डोकावलेसुद्धा नाही. राहायला गेलो आणि वरच्यांनी कपडे धुवायचं मशीन लावलं, की आमच्या मोरीतून फेस वर यायचा. गुडघाभर. आमचे हे फेसात उभे राहून दाढी करायचे, म्हणायचे, बरंय, साबण वाचतो. तेव्हापासून हे काम धरलं. आणि आजही आमच्या स्वयंपाकघराचा नळ ठिबकतोय. दिव्याखाली अंधार. तेव्हा, हे कुणी केलं असं मी कुणाला विचारत नाही. आता काय करायचं, एवढंच."

आजोबांनी चष्मा पुसला आणि दाण्यांसाठी हात पुढे केला.

मग सगळे हॉलमध्ये आलो. काकू कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "घरातल्या दोषांचे प्रकार असतात. काही नुसते डोळ्याला खुपतात. डाग, पोपडे, उलटा नळ. काही आज छोटे असतात पण सोडले तर वाढतात. मोरीचा उतार, सिंकखालचा वायसर, फुगलेली चौकट. आणि काही जिवाशी येतात. तो इथे एकच आहे, वायर. लोकांचं काय होतं, डागाला घाबरून पळतात आणि वायरीवर पुस्तकं लावून राहतात. लेखी सगळं संध्याकाळी पाठवते. मी भिंतीच्या आत पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवा. बाकी तुमचं घर, तुमचा निर्णय."

आणि पिशवीतून दाणे काढून खायला लागल्या.

"मग काकू," भाऊजी म्हणाले, "तुमचं काय मत?"

"माझं मत माझ्या घरापुरतं. ते तुम्ही ऐकलंत, फेसासकट."

ताई टॉर्च चालू-बंद, चालू-बंद करत होती. माझा जीव खालीवर. मूठ दिसत होती मला, पिशवीतून डोकं काढून बसलेली. मी ताईच्या मागे सरकले आणि हुबेहूब भाऊजींच्या आवाजात पुटपुटले, "अगं, विचार ना काकूंना, काय करायचं ते."

"भाऊजींचा आवाज नाकातून येतो, घशातून नाही," ताई मागे न बघता म्हणाली. "आणि तू चिमटा खाशील."

भाऊजींनी नाकाला हात लावून बघितला.

मग ताई उठली. टॉर्च बंद केला आणि आजोबांसमोर स्टूल ओढून बसली.

"आजोबा, ती सगळी वायर काढायची. तुम्ही नाही. परवाना असलेला इलेक्ट्रिशियन. तो कुणी केलं विचारेल तेव्हा मी इथे बसलेली असेन, मी बोलेन त्याच्याशी. ते झाल्यावर काकू परत बघतील. तो खर्च तुमचा. मोरीचा उतार आणि खिडकी आम्ही करून घेऊ. एवढं तुम्हाला चालत असेल तर आम्ही हे घर घेतोय."

"अगं, पण एकदा आईंना, बाबांना..." भाऊजी म्हणाले.

"सांगू या ना त्यांना," ताई म्हणाली. "घेतलं म्हणून."

आजोबा थोडा वेळ टाळू खाजवत राहिले. मग म्हणाले, "चालेल. उद्याच्यांना नको म्हणून कळवतो." मग जरा रुसल्यासारखे, "आणि माझा नळ?"

"नळ राहू दे उलटाच. सवय होईल."

"मी आत्ताच दोनदा भिजलोय त्याने," भाऊजी म्हणाले, पण तोवर आजोबा तिला नळाचा वायसर कुठल्या मापाचा लागतो ते सांगायला लागले होते, आणि ती ऐकत होती.

दारात ताईने टॉर्च काकूंना परत दिला. काकूंनी तो पिशवीत टाकला, मुठीशेजारी, आणि मुठीवर दोनदा टकटक केलं. माझ्याकडे बघून.

काकू दुसऱ्यांदा घर बघायला आल्या, तोच दिवस मी पैजेसाठी धरला. म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. सकाळी मी आईला "चहा झाला का" असं विचारलं, नुसतं, माझ्या आवाजात, तर तिने येऊन माझ्या कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, भांडण झालंय का कुणाशी. इस्त्रीवाल्याने तर कपडे देताना दोनदा खात्री करून घेतली, मीच ना म्हणून. दुपारी नव्या घरात इलेक्ट्रिशियनने काम दाखवलं. काकूंनी प्रत्येक सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा प्लग घालून बघितला, श्वास घेतला आणि "काही नाही" म्हणाल्या. आम्ही थांबलो. नव्हतंच काही.

ताई खिडकीत पाय घेऊन बसली. मग भर हॉलमध्ये, आजोबा, ताई, भाऊजी, इलेक्ट्रिशियन सगळ्यांसमोर काकूंनी कमरेवर हात ठेवले, मान वाकडी केली आणि चिरक्या आवाजात म्हणाल्या, "ताई? काकू, ती शिंक आली तरी विचारते, शिंकू का."

सगळे लोटपोट हसले. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नक्कल मुळीच चांगली नव्हती, माझा आवाज काही इतका चिरका नाही. पण हे मला माझ्याच आवाजात सांगावं लागलं, आणि तो नेमका तेव्हा चिरकला.